पत्राखालचं नाव

१६ नोव्हें., रविवार
जळगावला जाऊन आले. सकाळची एसटी, पारोळ्याला दहा मिनिटांचा चहा, साडेदहाला मेहरूणला नानांच्या दारात. बेल वाजवली तर दार उघडलं एका मुलीने. "या ना मॅडम. नाना वाटच बघतायत."

नानांच्या घरात मला 'या' म्हणणारी ही कोण? गेली वीस वर्षं त्या घरात मी न विचारता स्वयंपाकघरापर्यंत जाते.

शबाना नाव. सव्वीसेक वर्षांची. बाजारात त्यांचं मासळीचं दुकान आहे, आई चालवते. नाना तिथूनच मासे घेतात. बी.एस्सी. झालीय. नानांना आता अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून रोज तासभर येऊन पेपर नि मेल वाचून दाखवते. दोन महिने झाले म्हणे. दर रविवारी फोन करते मी, एकदा तरी सांगावं माणसाने.

कामाचं : उत्तर युरोपातल्या एका बंदरात पुढच्या वर्षी मासेमारीचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आहे. प्रत्येक देशाचं दालन. या खेपेला नदी-तळ्यांच्या मासेमारीला प्रथमच वेगळा विभाग. आपल्या देशाला आमंत्रण येऊन पडलंय, पण जायचं की नाही ते ठरत नाही. मागच्या खेपेला गेलेच नाहीत. त्याआधी गेले ते कोळंबी निर्यात करणारे. नानांचं म्हणणं, दिल्लीला खालून रेटा दिला पाहिजे. "आपण नाही गेलो तर जगाला वाटेल, या देशात नद्या फक्त आरती करायला आहेत."

निवेदन मी लिहायचं ठरलं. अर्थात. आमच्या नदीवरच्या मच्छीमारांच्या मंडळाची सचिव मी. (मंडळ म्हणजे नाना अध्यक्ष, मी सचिव आणि छापलेली लेटरहेडं. बाकीचे सभासद वारले किंवा पुण्याला गेले.)

निघताना ती मुलगी नानांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. त्यांनी मान मागे टाकली होती, लहान मुलासारखी.


२३ नोव्हें., रविवार
निवेदन पूर्ण. अकरा पानं. तापी, गिरणा, पांझरा, धरणांनंतरचे मासे, सोसायट्यांची स्थिती, देशाने सहभाग का घ्यावा याची कारणं क्रमवार. सुधीरला वाचून दाखवलं. पंपांचे पार्ट विकणारा माझा नवरा, पण ऐकतो. सहाव्या पानावर झोपला.

कॉलेजात सेमिस्टरचे पेपर तपासायचे पडलेत.


२९ नोव्हें., शनिवार
शिंदखेड्याच्या पुढे तापीकाठी गेलो होतो, मी, नाना आणि ती. गाडी सुधीरची. मच्छीमारांची पत्रं गोळा करायची होती, 'देशाने प्रदर्शनात जावं' अशी. मी छापील मसुदा नेला होता, खाली फक्त सही किंवा अंगठा.

भिका आबांकडे बसलो. ऐंशीच्या घरातले, अजून जाळं विणतात. मसुदा वाचून दाखवला मी. ऐकलं सगळं. मग म्हणाले, "बठ्ठं चांगलं शे. पन तठे कोननं नाव लिखाई? आमनं का मासास्नं?"

मी सांगायला लागले की तिथे नाव ना त्यांचं लिहितात ना माशांचं, तो देशाचा सहभाग असतो, व्यक्तीचा नव्हे. शबाना मधेच त्यांच्याजवळ खाली बसली नि विचारलं, "आबा, तुमले काय लिखनं शे?" शहरातली मुलगी, पण अहिराणी सरळ. बाजारात येणाऱ्या बायकांकडून शिकली असेल. आबा बोलत सुटले. नदीला पूर्वी कुठे किती पाणी असायचं, वाम मासळी कुठल्या दगडाखाली मिळायची, बायको कशी डोक्यावर टोपली घेऊन दोंडाईच्याला जायची. ती वहीत लिहून घेत होती. तिच्याभोवती आणखी सात-आठ जण जमले. माझ्या मसुद्यावर तीन अंगठे, तिच्या वहीत नऊ माणसं.

येताना नाना पुढच्या सीटवर. पूर्ण रस्ता मागे वळून वळून तिच्याशी बोलत होते. मान दुखेल त्यांची, मी म्हटलं. "दुखू दे," म्हणाले.


७ डिसें., रविवार
मेहरूण. भरीत-कळण्याची भाकरी नेली होती. डबा उघडायच्या आधीच नाना म्हणाले, "वैशू, शबानाने एक पान लिहिलंय. बस. ऐक."

तिने वाचलं. एक पान. एकच. तिची आई बाजारात बसते. डोळे मिटून मासा हातात घेतला तर आई सांगू शकते, हा गिरणेचा की तापीचा. 'माझ्या आईने समुद्र पाहिलेला नाही. जगाने माझ्या आईला पाहिलेलं नाही. देशाने मधे उभं राहायला काय हरकत आहे?' असं काहीतरी शेवटी.

चांगलं आहे. लिहून ठेवते, नाहीतर पुढे म्हणेन की नव्हतं. चांगलं आहे.

नाना रडले. चष्मा काढून पुसला नि म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं सरकारला पत्रं लिहिली. असं एकही जमलं नाही मला."

त्या चाळीसमधली वीस वर्षं टाईप मी केलंय.

ठरलं असं : माझी अकरा पानं निवेदन म्हणून, तिचं एक पान जोडपत्र म्हणून, हिंदी करून. मंडळाच्या लेटरहेडवर. तिचं नाव खाली घालायचं का, नानांनी विचारलं. मी म्हटलं, जोडपत्रावर नाव घालायची पद्धत नसते.

अशी काही पद्धत नाही.

ती "चालेल मॅडम" म्हणाली. भरीत तिनेही खाल्लं. तिखट कमी आहे म्हणाली.


९ डिसें., मंगळवार
पाठवलं. मंत्रालयाला, प्रदर्शनाच्या कार्यालयाला, दोन खासदारांना. मेल माझ्या पत्त्यावरून.

सुधीर : "तुला त्या पोरीचा राग येतो."
मी : "कशाला येईल?"
सुधीर : "तेच तर विचारतोय."


१९ डिसें., शुक्रवार
उत्तर आलं!! दिल्लीहून. तिसरा तास संपवून स्टाफरूममध्ये आले नि मेल पाहिला. उभ्याउभ्याच दोनदा वाचला.

मजकूर थोडक्यात : देशाच्या सहभागाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. वरच्या समितीपुढे बैठक होणार, त्यात नदीच्या मासेमारांची बाजू कुणीतरी मांडावी. व्हीसीने, म्हणजे व्हिडिओवरून, जिल्हा कचेरीतून. जोडपत्र समितीला विशेष भावलं. तरी 'उक्त पत्राच्या लेखिकेचं नाव व पद कळवावं'. एकच व्यक्ती.

उक्त पत्राच्या. अकरा पानांबद्दल एक अक्षर नाही. 'निवेदन प्राप्त झालं' एवढंही नाही.

मेल माझ्याकडेच आलाय. अजून कुणाला माहीत नाही.

चौथा तास कसा घेतला आठवत नाही.


२१ डिसें., रविवार
जळगावला गेले नाही. नानांना सांगितलं सर्दी आहे. फोनवर मागे तिचा आवाज येत होता, पेपर वाचत होती.


२२ डिसें., सोमवार
नाव कळवलं. श्रीमती वैशाली पाटील, सचिव.

मंडळाची बाजू सचिवानेच मांडायची असते. ती मुलगी मंडळाची सभासददेखील नाही. शिवाय समितीपुढे बोलायचं म्हणजे माहिती हवी, आकडे हवेत, पंचवीस वर्षांचं शिकवणं हवं. उद्या कुणी विचारलं गिरणा धरणाखाली मरळ का कमी झाली, तर ती काय आईचा हात दाखवणार?

हे सगळं खरं आहे. तरीही 'लेखिका' या रकान्यात लिहिलंय मी माझं नाव.

नानांना संध्याकाळी फोन. बैठक आहे, मला बोलायला सांगितलंय एवढंच म्हटलं. फार खूश. मग : "शबानाला घे बरोबर."
"एकालाच परवानगी आहे, नाना."
तेवढं मात्र खरं होतं.


६ जाने., मंगळवार
बैठक झाली. आजच लिहायला हवं.

कचेरीतली व्हीसीची खोली, हीटर नाही, शाल घेऊन बसले. स्क्रीनवर चौकोनच चौकोन. किनारपट्टीच्या राज्यांचे लोक तासभर बोलले. एक साहेब म्हणाले, खर्च करून जायचं कशाला, गोड्या पाण्यात आपलं दाखवण्यासारखं काय आहे? मग माझा नंबर.

बोलले मी. चांगलं बोलले. भिका आबांचं सांगितलं, वाम, जाळी, बायकांच्या टोपल्या. म्हणाले, समुद्राची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत, पण या देशात नदीवर जगणारी माणसंही आहेत, त्यांना घेऊन जा. दोघातिघांनी लिहून घेतलं. 

मग अध्यक्ष बाई, पिकलेले केस, मऊ आवाज. त्यांनी तो कागद हातात घेतला. माझी अकरा पानं नव्हती ती. वाचून दाखवलं हिंदीत, डोळे मिटून मासा ओळखणारी आई. आणि विचारलं, "वैशाली जी, आपकी माँ अब भी बाज़ार में बैठती हैं?"

मी म्हटलं, "जी. बैठती हैं."

माझी आई. अमळनेरच्या शाळेत मराठी शिकवायची. गळ्यात माळ. मी झूऑलॉजी घेतलं तेव्हा डिसेक्शनचे हात धुऊन आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नव्हती. नऊ वर्षं झाली जाऊन.

बाई म्हणाल्या, "उन्हें हमारा नमस्कार कहिए." दोन-तीन चौकोनांत लोकांनी हात जोडले.

मीही जोडले.


७ जाने., बुधवार
नानांचा फोन. "छान बोललीस असं ऐकलं." कोणाकडून ऐकलं विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. दोन मिनिटांत ठेवला फोन.


१४ जाने., संक्रांत
तिळगूळ घेऊन जळगावला जायला हवं होतं. दरवर्षी जाते. गेले नाही.


२७ जाने., मंगळवार
देश जातोय.

पत्र आलं. सहभाग मंजूर. नदी-तळ्यांच्या विभागात आपल्याला एक कोपरा मिळणार. किती राज्यं, कोण कोण, ते पुढे कळेल. आणि 'नदीकाठच्या समुदायांच्या प्रतिनिधी' म्हणून एक नाव. माझं.

स्टाफरूममध्ये पेढे. प्राचार्यांनी शाल आणायला शिपाई पाठवला. संध्याकाळपर्यंत बातमी पेपरवाल्याकडे. फोटोत मी हसतेय, शालीची घडी अजून मोडलेली नाही.

सुधीर म्हणाला, "अभिनंदन." नंतर जेवताना, "त्या मुलीला फोन केलास?"
शेवभाजी तशीच राहिली ताटात.


२८ जाने., बुधवार
पेपरात आलं. 'मासळी विकणाऱ्या मातेची लेक सातासमुद्रापार'. हे त्यांना कोणी सांगितलं? मी नाही. दिल्लीच्या कचेरीतून कळलं असेल.

अमळनेरहून मामांचा फोन. "वैशाली, हे काय छापलंय तुझ्या आईबद्दल? कुणाच्या मागे असं बोलायचं असतं का?" छापणाऱ्यांची चूक आहे म्हटलं. आणखी एक खोटं.


१ फेब्रु., रविवार
जळगाव. नानांकडे न जाता आधी बाजारात गेले. का, तेव्हा नीट कळलं नव्हतं. तिला एकटीला गाठून काहीतरी समजावायचं होतं बहुतेक. 'दोघींचंच होतं ते पत्र' वगैरे. वाक्यं जुळवत गेले होते बसमध्ये.

शबाना नव्हती. तिची आई होती. पहिल्यांदाच पाहिलं. ठेंगणी, हातात लोखंडी विळा, पायाशी बर्फाची घमेली. मी नाव सांगितलं तशी उठून उभी राहिली. ओढणीला हात पुसले.

"आप वैशाली मॅडम! बैठो बैठो. शबाना बोलती है आपका. नानांनी सांगितलं, आपने मेरी बेटी का खत दिल्लीतक पहुंचाया."

स्टूल पुढे केलं. चहा मागवला. समोर गिऱ्हाईक उभं असताना एक मरळ साफ करून पिशवीत बांधली, घ्यावीच लागेल म्हणाली. मी विचारलं, कशी ओळखता, कुठल्या नदीचा? हसली. माझा हात धरला नि एका माशावर ठेवला, मग दुसऱ्यावर. "ये खुरदरा. ये नरम. बस." मला दोन्ही सारखेच लागले. पंचवीस वर्षं शिकवतेय.

पेपर तिने पाहिलेला नसावा. किंवा पाहिला असेल नि मराठी वाचता येत नसेल.

बाहेर आले. पिशवी हातात. रिक्षा केली मेहरूणला.

शबाना नानांच्या ओट्यावर बसली होती. नाना आत झोपलेले. मी म्हटलं, "मला सांगायचंय काहीतरी."

"मला माहीतय मॅडम."

"काय माहीतय?"

"व्हीसीची लिंक नानांच्या फोनवरपण आली होती. लेटरहेडवर नंबर आहे ना त्यांचा. मी लावून दिली. आम्ही दोघं बसलो होतो बघत. कॅमेरा बंद ठेवून."

दोघं.

"आधी तुम्ही छान बोललात," ती म्हणाली. "खरंच. भिका आबांचं ऐकताना नाना टेबलावर हात मारत होते. मग त्या बाईंनी विचारलं. मला वाटलं आता मॅडम सांगतील."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. 

"मला रात्रभर राग होता. मेल लिहिला होता दिल्लीला. नानांनी पाठवू दिला नाही. म्हणाले, नावाची भानगड निघाली तर ते साहेब म्हणतील, बघा, यांचं हे असं, जाऊच नका. आधी देशाला जाऊ दे." ती ओट्यावरची धूळ बोटाने पुसत होती. "तुमच्यासाठी गप्प नाही बसले मी. नानांसाठी पण नाही. अम्मीला वाटत होतं देशाने जावं म्हणून."

मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. मूर्खासारखं. तिच्याच दुकानातली मरळ.

"ती तुम्हाला दिली असेल अम्मीने. घेऊन जा. तिला परत दिलेलं आवडत नाही."


रविवारचंच, पुढे
नाना उठले. मला पाहून 'ये' म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले, काठी दोन गुडघ्यांत. मीच सुरुवात केली, नाना, मी दुरुस्तीचं पत्र पाठवते.

"नको."
"नाना, पण तिचं नाव..."
"नको म्हटलं ना. तू जा, बोल, ये. देश एकदा त्या दारातून आत गेला की पुढच्या वेळी कुणी विचारणार नाही जायचं की नाही. माझं वय काय झालंय वैशू? पुढची वेळ मी बघणार आहे का?"

शबाना आतून सगळं ऐकत होती.

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांना राग नव्हता. मी काय केलं याच्याशी त्यांना घेणंदेणंच नव्हतं. ना मी, ना ती, त्यांना फक्त ते दालन. वीस वर्षं मी या माणसाच्या एका शाबासकीसाठी टाईप करत बसले. आणि तिलाही त्यांनी गप्प बसवलं, जिच्यासाठी रडले होते.

आणि तरीही, बसमध्ये, पारोळ्याच्या आसपास, डोक्यात एकच : ते रडले होते. तिच्यासाठी. माझ्यासाठी कधीच नाही.


४ फेब्रु., बुधवार
मरळ फ्रीजमध्ये तीन दिवस. सुधीरने आज काढली नि शेजारच्या मावशींना दिली. आमच्याकडे कुणाला येते करायला? आईने कधी शिरूच दिली नाही घरात.

पासपोर्टचा फॉर्म अर्धा भरलाय. 'आईचं नाव' या रकान्यापाशी थांबलेय.


८ फेब्रु., रविवार
सुधीरला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. त्याने मधे एकदाही 'का' विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "नाना म्हणतात ते खरं आहे का? नाव बदललं तर ते सगळंच रद्द करतील?"
"माहीत नाही. करू शकतात."
"मग तू कशासाठी कळवणार? तिच्यासाठी, का तुला झोप यावी म्हणून?"

हाच प्रश्न आहे. चार दिवस फिरवतेय. शबाना मागत नाहीये. नाना नको म्हणतायत. कळवलं आणि देशच मागे फिरला तर भिका आबांना जाऊन काय सांगू? आणि नाही कळवलं तर त्या कोपऱ्यात उभं राहून प्रत्येकाला तिच्या आईची गोष्ट माझी म्हणून सांगू. रोज. हसत. किती दिवस असतं ते प्रदर्शन?


१० फेब्रु., मंगळवार
कळवलं.

मेल नाही केला, फोन केला. मेल फिरत राहतो, कुणीतरी चुकीच्या माणसाला पुढे ढकलतो. त्या अध्यक्ष बाईंच्या कार्यालयाचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले. त्यांच्याशीच बोलले. हिंदी अडखळत होती. म्हटलं, पत्र माझं नव्हतं. मी नाव चुकीचं दिलं, मुद्दाम दिलं. माझी आई मासे विकत नव्हती. ज्या मुलीचं आहे ती जळगावची. देशाचा काही दोष नाही यात, नदीवरच्या लोकांचाही नाही. रद्द करायचं तर मला करा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "आपने देर कर दी." एवढंच. आणि "देखते हैं."

नानांना संध्याकाळी कळवलं. त्यांनी फोन ठेवला. असा त्यांनी कधीच ठेवला नव्हता.


१३ फेब्रु., शुक्रवार
दुपारी दिल्लीहून कुणी तरुण अधिकारी. कोरडा आवाज, मराठी येणारा, नागपूरकडचा वाटला. सहभागाला धक्का नाही, तो निर्णय वर गेलाय, मागे येणार नाही. माझं नाव काढलंय. त्या जागेवर कुणी जाईल का, की ती जागाच रिकामी ठेवायची, ते समिती सोमवारी ठरवणार. त्यासाठी मूळ लेखिकेचं संपूर्ण नाव आणि संमती हवी.

"संपूर्ण नाव सांगा, मॅडम."

शबाना. पुढे काय? वडिलांचं नाव? आडनाव? तीन महिने मी तिला पाहतेय, तिच्यावर जळतेय, तिचं वाक्यन्‌वाक्य पाठ आहे मला. तिचं आडनाव माहीत नाही. विचारून कळवते म्हटलं. "लवकर कळवा," म्हणाला.

तिला फोन लावला. दुकानात होती, मागे सुरा आपटल्याचा आवाज. सांगितलं सगळं. ती ऐकत होती.

"नानांना विचारलंत?"
"नाना माझ्याशी बोलत नाहीत."
"माझ्याशी पण नाही. व्हीसी बघितल्याचं तुम्हाला सांगितलं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

"जाशील का?" मी विचारलं.

मागे बाजार ऐकू येत होता. कुणीतरी झिंग्यांचा भाव करत होतं, तिची आई नाही म्हणत होती.

"मॅडम, अम्मीला विचारते. आणि स्वतःला पण. ते पान लिहिलं तेव्हा जायचं म्हणून नव्हतं लिहिलं. आता तुम्ही विचारताय म्हणून हो म्हणायचं, हे पण मला..." वाक्य तसंच सोडलं. "रविवारी सांगते."

फोन ठेवला.

आणि हे लिहायचंच आहे, कारण सगळं धुऊन निघालं असं पुढे कधी मला वाटायला नको : ती 'रविवारी सांगते' म्हणाली तेव्हा क्षणभर वाटलं, नाही म्हणेल. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं.